आम्लातलं हाड

"काढ आता. जास्त भिजला की वेताचा जीव जातो."

आईचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. परसात पत्र्याची मोठी परात, परातीत पाणी, पाण्यात वेताची वेटोळी झोपल्यासारखी पडलेली, आणि आई उलट्या खुर्चीचा सांगाडा दोन गुडघ्यांत धरून बसलेली. खुर्च्या विणायचं काम तिचं, आणि परातीकडे लक्ष ठेवायचं काम सात वर्षांच्या मुलीचं. ऊन तिसऱ्या पायरीवर आलं की वेत काढायचा, एवढंच. त्याआधी काढला तर विणताना कडाकडा मोडतो. नंतर काढला तर मोडत नाही, पण खुर्चीवर माणूस बसलं की हळूहळू खाली जातो, आणि एक दिवस माणसासकट बसतो. आई मान वर न करता सांगायची. तिच्या तोंडात तेव्हा वेताचं टोक धरलेलं असायचं, त्यामुळे शब्द दातांतून गाळून आल्यासारखे यायचे. मग ते टोक विणीच्या घरात ओवलं की तोंड मोकळं व्हायचं आणि ती कुणासाठीच नसल्यासारखं म्हणायची, *पाण्यात पडला वेत, वेत पाण्यानं मऊ झाला*. पुढची ओळ होती. होती नक्की. आता आईलाही ती आठवत नाही.

तो आवाज आज सकाळी नऊला दहा कमी असताना इस्पितळाच्या लिफ्टमध्ये ऐकू आला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये एकदम हिसका देऊन थांबली होती. दिवा विझला नाही, पंखाही फिरत राहिला. फक्त पायाखालची जमीन क्षणभर आपली राहिली नाही. तिच्या हातातल्या पेटीत भिंगाखाली पाहायच्या काचपट्ट्या एकमेकींवर आपटून किणकिणल्या.

"घाबरू नका, काचवाल्या ताई," लिफ्टवाले मामा स्टुलावरून न उठता म्हणाले. "म्हातारी आहे ही. मधेच दम खाते."

मामांना सगळं इस्पितळ मामाच म्हणतं. बावीस वर्षं ते या पेटीत वरखाली करताहेत. नवीन माणूस आत येऊन "वर जायचंय" म्हणालं की ते बोट बटणावर तसंच ठेवून म्हणतात, "असं म्हणू नये हो इथं. मजला सांगा. वर नेणारा वेगळा आहे, त्याची ड्यूटी वेगळी." रडत आलेली माणसंही हसतात. आज मात्र त्यांनी ती थट्टा केली नाही. बटणं दाबून पाहिली, थांबले, आणि लोखंडी दाराकडे बघत म्हणाले, "ताई, आमच्या पोरीच्या, बडबडीच्या, छातीत निघालं. मागच्या आठवड्यात तुकडा काढला होता ना, तो तेच म्हणतोय."

तिला ते माहीत होतं. तो तुकडा तिनेच मेणात बसवला होता, तिनेच कापला होता, केसाहून पातळ. "हं," ती म्हणाली.

"खोकला आला तर मी म्हटलं, पंख्याखाली झोपतेस म्हणून. बापाला काय कळतंय." त्यांनी हातातलं फडकं उगाच बटणांवरून फिरवलं. "परवा म्हणते, बाबा, केस कापायचं दुकान उघडलं तर गिऱ्हाईक म्हणेल, बाई आधी स्वतःच्या डोक्यावर काहीतरी उगव, मग आमचे केस काप. हसली पण. हसली की खोकते." मग एकदम, अगदी साध्या आवाजात: "नवीन औषध निघालंय म्हणतात. पण तिच्या हाडात ते काय म्हणतात ते सापडलं नव्हतं ना. ते नसलं तर औषध लागू पडत नाही. नशीब बघा. सगळं वाईट ते सापडलं, आणि कामाचं तेवढं सापडलं नाही."

लिफ्ट पुन्हा हिसका देऊन चालू झाली. चौथा मजला आला. ती उतरली तेव्हा मामांनी नेहमीप्रमाणे पेटी सावरायला हात पुढे केला, आणि तिने तो दिसला नसल्यासारखं केलं.

प्रयोगशाळेचा वास रोज तोच: मेणाचा, स्पिरिटचा, आणि त्यांच्याखाली नाकाच्या मुळाशी टोचणारा आम्लाचा. सव्वीस वर्षांत बाकीचे वास तिला येईनासे झाले आहेत. आम्लाचा मात्र गेल्या आठ महिन्यांत पुन्हा यायला लागला आहे; घरी कुकरची शिट्टी काढताना येतो, आईच्या केसांना तेल लावताना येतो. हाड तसंच कापता येत नाही. सुरीचं पातं जातं, हाडाचा चुरा होतो. म्हणून त्याला आधी आम्लात ठेवायचं, म्हणजे त्यातला चुना विरघळतो आणि ते मऊ होतं. मऊ झालं का हे पाहायला ती ते चिमट्यात धरून अलगद वाकवते. हाड वाकतं! नोकरीच्या पहिल्या वर्षी पहिल्यांदा वाकवलं तेव्हा तिला हसू फुटलं होतं, कारण ते थेट परातीतल्या वेतासारखं वाकलं होतं. घरी जाऊन तिने आईला सांगितलं, "आई, मी पण वेतच भिजवते." आई म्हणाली, "मग ऊन बघत जा." प्रयोगशाळेत ऊन येत नाही. तिथे वही आहे; वहीत दोन रकाने आहेत, घातल्याची वेळ आणि काढल्याची वेळ.

आठ महिन्यांपूर्वीच्या त्या शुक्रवारी मामांच्या मुलीच्या गुडघ्याजवळचा तुकडा आला. डॉक्टरांना घाई होती, म्हणून कडक आम्ल घेतलं. कडक आम्लात पाच तास, फार तर सहा. बारा वाजता तिने बरणीत तुकडा सोडला. बारीक बुडबुडे वर आले, जसे नेहमी येतात, चुना जातानाचे. वहीत लिहिलं, बारा. पावणेतीनला शेजारणीचा फोन आला की आई घरात नाही. दार उघडं, चपला दारातच. ती होती तशी धावली. उन्हं कलताना आई सापडली तीन रस्त्यांपलीकडे, एका बंद लाकडाच्या वखारीसमोर, अनवाणी, आणि तिला बघून म्हणाली, "बाई, इथं वेत मिळतो का हो?" आपल्या मुलीला आई बाई म्हणाली. अहो-जाहो केलं. त्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत ती आईच्या उशाशी बसून होती आणि आईचे हात चादरीवर हवेतलीच खुर्ची विणत होते, एक घर वर, एक घर खाली. या हातांतून एखादा धागा आपल्याला धरता येईल का, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. बरणीचा नव्हता. सोमवारी सकाळी नऊ वाजता तिने प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि वास आधी आला, आठवण नंतर. चिमट्याने तुकडा उचलला तर तो वाकला नाही, लोंबला.

मोठ्या मॅडम, म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टर, बाहेर रुग्णाचे नातेवाईक ताटकळलेत म्हणून दारातूनच म्हणाल्या होत्या, "मामांचं झालं का गं?" आणि ती म्हणाली होती, "हो, झालं." दुसऱ्या रकान्यात तिने लिहिलं: शुक्रवार, पाच. हात अडखळला नाही, याचंच तिला पुढे नवल वाटत राहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं. पाचाचं पोट नेहमीसारखं गोल.

रोग कोणता ते त्या तुकड्यातही कळलं. हाडाचा कर्करोग इतका गबाळा असतो की आम्लाने धुतलं तरी ओळखू येतो. मॅडम भिंगाला डोळा लावून म्हणाल्या, "रंग जरा फिका आलाय का?" ती म्हणाली, "हाडाचं असंच येतं ना मॅडम." हे दुसरं खोटं. पण खरं नुकसान पुढच्या तपासणीत होतं. मॅडमनी ती तपासणी एकदा तिला फार सोपी करून सांगितली होती, चहा पिता पिता. प्रत्येक पेशीच्या खिशात म्हणे तिच्या मरणाची चिठ्ठी असते. म्हातारी झाली, बिघडली, नको तिथे वाढली, की चिठ्ठी उघडायची आणि मुकाट्याने जायचं. स्वतःच स्वतःची घडी घालायची, शेजारणीला धक्का न लावता. आत काही प्रथिनं कात्र्यांसारखी मिटून बसलेली असतात, वेळ आली की कापायला. आणि काही प्रथिनं दाराला पाठ लावून उभी असतात: नाही, आज नाही, उद्या. निरोगी शरीरात ही दोघं भांडतात आणि त्या भांडणावर आपण जगतो. हाडाच्या कर्करोगात दाराला पाठ लावणारी फार होतात. चिठ्ठी खिशात असते, पण कुणी उघडू देत नाही. "मरायला विसरलेल्या पेशी गं," मॅडम म्हणाल्या होत्या, "बाकी काही नाही." नवीन औषध त्या दाराशी उभ्या असलेल्याचा हात धरून त्याला बाजूला करतं, मग कात्र्या आपलं काम करतात. पण तो तिथे उभा असेल तरच. तो आहे का, हे तिच्या तपासणीत कळतं: असला तर पेशी तपकिरी होते, नसला तर निळी राहते.

मुलीच्या तुकड्यात सगळं निळं आलं. अहवालात लिहिलं गेलं, आढळले नाही. पण तिने त्याआधी भिंगातून पाहिलं होतं, एकटीने. हाडाच्या कडेला रक्तातल्या लहान गोल पेशींचा एक घोळका होता. त्या पेशी निरोगी असतात, आणि त्यांच्यात हे प्रथिन नेहमीच असतं. त्या तपकिरी दिसल्या की समजायचं, तपासणी खरी बोलतेय. त्या साक्षीदार. तो घोळकाही निळा होता, एकूण एक. म्हणजे प्रथिन नव्हतं असं नाही. आम्लाने ते पुसलं होतं. साक्षीदारांच्या जिभा गेल्या होत्या. मॅडमना त्या दिवशी तीस काचपट्ट्या पाहायच्या होत्या. त्यांनी गाठ पाहिली, कडेचा घोळका पाहिला नाही. तिने पाहिला आणि पट्टी पेटीत ठेवली. तेव्हापासून तिच्या आतही कुणीतरी दाराला पाठ लावून उभं आहे. आज नाही, उद्या. शस्त्रक्रिया होऊ दे, मग सांगू. गुडघ्यात सळई बसू दे. केस पुन्हा येऊ देत. कदाचित औषधाची वेळच येणार नाही, आणि मग सांगायचं तरी काय, कशाला. रोज दोनदा ती त्या लिफ्टमध्ये उभी राहिली, मामांच्या पाठीमागे, त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या खुंटांकडे बघत. आठ महिने. मरायला हवं होतं ते मेलं नाही, वाढलं.

"हे बघ," मोठ्या मॅडमनी आज आत आल्या आल्या एक कागद तिच्या टेबलावर ठेवला. "मामांच्या मुलीचं. नवीन औषधाच्या यादीसाठी छातीच्या डॉक्टरांनी विचारलंय. जुन्या अहवालाप्रमाणे ती बसत नाहीच, पण अर्ज रीतसर बंद करायला हवा. आज चारपर्यंत. यादी आज बंद, पुढची सहा महिन्यांनी."

कागदावर एक रकाना होता: हाडाचा नमुना असल्यास आम्लात किती तास. त्याखाली सहीची जागा.

"सहा महिने," ती म्हणाली.

"तिला सहा महिने आहेत का, हे विचारू नकोस मला," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे चोळले. "बाविसाव्या वर्षी मी याच लिफ्टमध्ये चढले होते पहिल्यांदा. मामा म्हणाले, पोरी, एवढी बारीक, तू काय मुडदे उचलणार? अजून आठवण काढून हसतात."

मॅडम गेल्यावर ती कागदाकडे बघत बसली नाही. खणातून छातीतला नवा तुकडा काढला. छातीतला तो मऊ होता, त्याला आम्लाची गरज पडली नव्हती. त्यावर प्रथिनाची तपासणी करायला कुणी सांगितलं नव्हतं. जुना अहवाल होता ना. तिने यंत्रावर मेणाचा ठोकळा बसवला आणि चाक फिरवलं. पातळ फीत उलगडत आली, कोमट पाण्यावर तरंगली, सुरकुत्या सुटल्या. तिने काचेवर उचलली. या सगळ्यात तिचे हात शांत होते, आणि त्या शांतपणाची तिला भीती वाटली, कारण त्यामागे तिचं मन एक गोष्ट चोरून शिजवत होतं. नवीन तुकड्यात प्रथिन सापडलं तर? तर मुलगी यादीत जाईल आणि कुणाला काही कळणारही नाही. जुनं निळं राहील जुन्या पेटीत. साप मरेल आणि काठीही शाबूत राहील. तिने उकळत्या पाण्यात पट्ट्या घातल्या, थेंब टाकला, घड्याळ लावलं, धुतल्या, पुन्हा थेंब. साडेनऊपासून दीडपर्यंत. मधे शेजारणीला फोन केला. "आई काय करतेय?" "बसल्यात. चादरीचे काठ उसवतायत आणि म्हणतायत, वेत भिजलाय, कुणी बघतंय का." तिने फोन ठेवला. हातमोज्यांत घाम आला होता, बोटं आत पोहत होती.

दीड वाजता ती भिंगाशी बसली. आधी कडेला गेली. गोल पेशींचा घोळका तपकिरी होता, सुपारीसारखा. साक्षीदार बोलत होते. मग तिने पट्टी सरकवली आणि गाठ समोर आली. वेड्यावाकड्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या पेशी, आणि प्रत्येकीच्या आत, दाराशी, तपकिरी. सगळीकडे. शेत पेटल्यासारखं. किती वेळ ती बघत होती कोण जाणे. एकदा वाटलं त्या तिच्याकडे बघताहेत. इथेच होता तो, पहिल्या दिवसापासून. आठ महिने इथेच उभा होता आणि आम्ही कागदावर लिहिलं, घरात कुणी नाही.

"अगं!" तीननंतर मोकळ्या झालेल्या मोठ्या मॅडम भिंगावरून उठल्याच. "ही कुणी करायला सांगितली?"

"मीच केली. सहज."

"सहज म्हणे. सोन्यासारखी बाई आहेस." त्यांनी पुन्हा डोळा लावला. "म्हणजे रोगाने रूप बदललं. होतं असं कधी कधी. हाडात नव्हतं, छातीत आलं."

दार उघडं होतं. मॅडमनीच उघडून दिलं होतं. तिने फक्त मान हलवायची होती, आणि ती हलली. आतला तो पाठ लावून उभा असलेला हसला.

पण मॅडम कागद उलटून नियम वाचत होत्या, ओठ हलवत, आणि त्यांचा चेहरा हळूहळू खाली उतरला. "थांब. जुना आणि नवा निकाल जुळत नसेल तर तिसरा नमुना लागतो. दोन्ही निकाल धडधाकट असतील तर. तिसरा नमुना म्हणजे पुन्हा छातीत सुई, पुन्हा तीन आठवडे. यादी तर आज…" त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. "जुन्या नमुन्यात काही खोट असती तर तो आपोआप बाद झाला असता. पण तुझं काम, त्यात कुठली आलीय खोट. तो तास लिही, सही कर, मी स्वतः घेऊन जाते पलीकडच्या इमारतीत. हातापाया पडून बघते. चल, तूही चल, पट्टी घे."

तिने रकाना कोरा ठेवला. मॅडमच्या लक्षात आलं नाही. बोळातून चालताना तिच्या हातातल्या पेटीत एकच काचपट्टी होती, तरी ती किणकिणत होती.

लिफ्ट वर आली. मामांनी दार सरकवलं. दोघींना एकत्र बघून ते स्टुलावरून उठले. बावीस वर्षांत ते कुणासाठी उठले नव्हते. "तळमजला ना मॅडम?"

"तळमजला," मॅडम म्हणाल्या. दार लागलं. "मामा, ऐका. नवीन तुकड्यात ते सापडलंय. औषध लागू पडेल असं दिसतंय."

मामांनी बटण दाबलं नाही. फडकं हातात गोळा झालं. "सापडलं?"

"हो, पण जुन्यात नव्हतं ना. म्हणून पुन्हा एकदा तुकडा काढावा लागेल. तीन आठवडे. मी प्रयत्न करते आजच काही होतं का, पण नियम आहे, आणि…"

"पुन्हा सुई," मामा म्हणाले. "चालेल की. सांगतो तिला. ती ओरडेल थोडी, मग ऐकेल. बडबड करेल. करू दे." त्यांनी बटण दाबलं. लिफ्ट निघाली. मामांची पाठ तिच्याकडे झाली, मानेवरचे तेच पांढरे खुंट. तिसरा मजला यायच्या आत म्हातारीने पुन्हा दम खाल्ला. हिसका बसला, आणि तिघं तसेच उभे राहिले, पंखा फिरत राहिला.

त्या थांबलेल्या पेटीत तिला परात दिसली. पाणी स्वच्छ, वेत तळाशी, आणि ऊन तिसऱ्या पायरीवरून केव्हाच निघून गेलेलं. मुलगी परातीशी बसून दुसरीकडेच बघतेय. आणि इतक्या वर्षांनी, आईच्या दातांमधून गाळून आल्यासारखी, दुसरी ओळ आली. *काढाया विसरली लेक, त्याचा कणा वाहून गेला.* ओळ शोधून सापडली नव्हती. ती तिथेच होती. तिच्यावर कुणीतरी पाठ टेकून उभं होतं, आणि ते आता बाजूला झालं. आतली मिटलेली कात्री उघडली.

"मामा," ती म्हणाली. "इकडे बघा."

मामा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर दुपारचं नेहमीचं हसू होतं, तिची पेटी सावरायला हात अर्धा पुढे आलेला.

"तिसरा तुकडा नको. जुना निकाल खोटा आहे, मॅडम. मामा, तुमच्या मुलीचं हाड मी आम्लात विसरले होते. शुक्रवारी पाचला काढायचं होतं, सोमवारी सकाळी नऊला काढलं. ते तेव्हाही तिच्यात होतं, मी पुसलं. आणि वहीत पाच लिहिलं, ते पाच माझं आहे."